मिश्र पिकाचं शेत नकाशात हरवतं

महोदय,

डिजिटल शेतीवरच्या आपल्या लेखासोबत उपग्रहाने टिपलेल्या शेतांचा रंगीत नकाशा छापला होता. कुठल्या शेतात कोणतं पीक आहे हे दाखवणारे असे नकाशे करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून हे पत्र.

या नकाशांचा कच्चा माल कुणालाही फुकट मिळतो, आणि ही मोठीच गोष्ट आहे. युरोपचा पहिला सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ मध्ये सुटला. २०१७ मध्ये त्याला जोडीदार मिळाल्यावर तीच जमीन साधारण दर पाच दिवसांनी दिसू लागली. त्याच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. त्या गुंठ्यातून परतलेला सगळा प्रकाश प्रत्येक रंगपट्ट्यामागे एकाच आकड्यात गोळा होतो. गुंठाभर नुसता मका असेल तर संगणक तो सहसा बरोबर ओळखतो. मक्यावर घेवडा चढलेला आणि खाली भोपळ्याचा वेल पसरलेला असेल, तर ते आकडे धड कुठल्याच पिकाचे राहत नाहीत. वर पावसाळ्यातले ढग आहेतच.

मग करतात काय? संगणकाला शिकवायला नमुन्याची शेतं निवडताना मिश्र शेतं बऱ्याचदा बाजूला काढली जातात. ती ठेवली तर अचूकतेची टक्केवारी घसरते, आणि गिऱ्हाईक आधी टक्केवारीच विचारतं. यात कुणी लबाडी करतं असं नाही. एकाच पिकाच्या मोठ्या शेतांवर हे नकाशे खरोखर चांगले चालतात. पण उद्या कर्ज, विमा किंवा मालाची खरेदी त्यांच्यावर ठरू लागली, तर ज्याचं शेत नकाशात ‘अनिश्चित’, त्याची पतही अनिश्चित. वास्तविक मिश्र पीकवाल्याने कीड, हवामान आणि बाजारभाव यांचा धोका आधीच तीन पिकांत वाटून टाकलेला असतो. शिवाय घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, त्यामुळे खतही थोडं कमी लागतं.

कार्बन क्रेडिटची, म्हणजे मातीत कार्बन साठवल्याबद्दल शेतकऱ्याला मिळणाऱ्या पैशांची, तऱ्हा आणखी न्यारी. तिथे पैसे मिळतात ते नव्याने केलेल्या बदलाचे. वर्षानुवर्षं नांगर न घालता, पालापाचोळ्याने जमीन झाकून शेती करणाऱ्याच्या मातीत जो कार्बन साठला आहे, त्याबद्दल त्याला सहसा काही मिळत नाही. परवापर्यंत माती उघडी टाकणारा शेजारी मात्र यंदा बदलला की पात्र. हिशेबाच्या दृष्टीने याला तर्क आहे, मान्य. पण शाश्वत शेती आधी ज्याने केली त्यालाच तो बाहेर ठेवतो. बरं, मोजणी तरी पक्की आहे का? २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेत फ्रान्सने पुढे आणलेल्या ‘हजारी चार’ उपक्रमाचं उद्दिष्टच मुळी मातीतला कार्बन वर्षाला ०.४ टक्के वाढवण्याचं होतं. एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतला फरक याहून मोठा असू शकतो. एवढी वाढ खात्रीने दिसायला काही वर्षं मातीचे नमुने घेत राहावं लागतं. मोबाइलवर महिन्याच्या महिन्याला ‘तुम्ही इतका कार्बन साठवलात’ असं झळकू लागलं, तर मी तरी हसेन.

कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधून मिळणाऱ्या शेतीच्या फुकट सल्ल्याबद्दल थोडंसंच. मोन्सॅन्टोने २०१३ मध्ये क्लायमेट कॉर्पोरेशन ही हवामान-आकडेवारीची कंपनी विकत घेतली आणि २०१८ मध्ये बायरने मोन्सॅन्टोच घेतली. बियाणं, तणनाशक आणि शेतीचा सल्ला देणारं सॉफ्टवेअर, सगळं एका घरात. कॅमेऱ्याने तण पाहून तेवढ्यावरच फवारणारी यंत्रं औषध वाचवतात, हे मी नाकारत नाही. पण ‘यंदा काहीच टाकू नका’ या सल्ल्यावर औषध विकणाऱ्याचं दुकान कसं चालणार?

नकाशे बंद करा असं मी म्हणणार नाही, माझीच भाकरी त्यावर आहे. अचूकता सांगताना मिश्र शेतांचा आकडा मात्र वेगळा सांगावा. सेंद्रिय शेतीत सहभागी हमी पद्धत आहे. आयफोम ही जागतिक संघटना तिचा पुरस्कार करते. तीत शेतकरी एकमेकांच्या शेतात प्रत्यक्ष जाऊन तपासणी करतात. त्या नोंदी कर्ज आणि विम्यासाठी उपग्रहाच्या बरोबरीने पुरावा म्हणून धराव्यात. आणि आपल्या वाचकांत बँकेचे किंवा विम्याचे अधिकारी असतील, तर नकाशा विकायला येणाऱ्याला त्यांनी पहिला प्रश्न हा विचारावा: संगणकाला शिकवताना कोणती शेतं वगळली?

— एक उपग्रह-चित्र विश्लेषक