‘क्रिएटिनिन नॉर्मल’ म्हणजे किडनी ठणठणीत असे नाही

मा. संपादक महोदय,

तपासणीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर एकाच ओळीवर जाते: क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवाटे बाहेर पडणारा रक्तातला टाकाऊ पदार्थ. आकडा मर्यादेत बसला की किडनीचा विषय तिथेच संपतो. आरोग्य पुरवण्यांमधले लेखही बहुधा ‘वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासा’ एवढे सांगून थांबतात. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. त्यामुळे बऱ्याच जणांचा आजार हाती लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

दोन्ही किडन्यांत मिळून साधारण २० लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि नळी असलेले सूक्ष्म घटक असतात. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्यांची संख्या ठरून गेलेली असते. पुढे नवे तयार होत नाहीत. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त किडन्यांतून जाते आणि त्यातून मिनिटाला १२५ मिलिलिटरच्या आसपास द्रव गाळला जातो. या वेगाला जीएफआर म्हणतात. दिवसाचा हिशेब १८० लिटर होतो, पण लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी, क्षार आणि साखर नेफ्रॉनच्या नळ्या पुन्हा रक्तात ओढून घेतात.

‘लघवी व्यवस्थित होते, मग किडनीला काय झालंय?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर याच हिशेबात आहे. जीएफआर १२५ वरून २० वर आला तरी दिवसाला जवळजवळ २९ लिटर द्रव गाळला जातोच. नळ्यांनी थोडे कमी पाणी परत घेतले की दोन लिटर लघवी सहज होते. उलट लघवी दाट करण्याची ताकद गेल्यामुळे रात्री दोन-तीनदा उठावे लागते आणि दोष वयावर किंवा प्रोस्टेटवर टाकला जातो.

आता क्रिएटिनिन. ते स्नायूंमधून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात रक्तात येते आणि किडनीवाटे बाहेर पडते. जीएफआर निम्मा झाला की रक्तातले क्रिएटिनिन साधारण दुप्पट होते. ज्यांचे मुळात ०.६ होते त्यांचे १.२ होईल, आणि कित्येक प्रयोगशाळांच्या मर्यादेत तेही ‘नॉर्मल’च ठरेल. शिवाय थोडे क्रिएटिनिन नळ्या स्वतःहून लघवीत सोडतात. गाळण्याचा वेग घटतो तसा हा वाटा वाढतो आणि बिघाड आणखी काही काळ झाकला जातो.

म्हणून नुसता आकडा न पाहता त्यावरून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर पाहावा. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने १.२ क्रिएटिनिन असलेल्या २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ८६ येतो. तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या ७० वर्षांच्या स्त्रीचा ४९ च्या आसपास. रिपोर्टवर आकडा एकच, पण ही स्त्री किडनीविकाराच्या पाचपैकी तिसऱ्या टप्प्यात मोडते. ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला तर तो दीर्घकालीन किडनीविकार. ३० च्या खाली चौथा टप्पा, १५ च्या खाली पाचवा. स्नायू फार कमी किंवा फार जास्त असलेल्यांत हे सूत्रही फसते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी हे रक्तातले दुसरे एक प्रथिन तपासून घेतात.

पण मधुमेहात ईजीएफआर घसरण्याच्या कितीतरी आधी गाळणी गळायला लागलेली असते. गाळणीचे तीन थर असतात: केशवाहिनीची छिद्रे असलेली भिंत, त्याखालचा पडदा आणि त्याला बाहेरून बोटे गुंफावीत तसे धरून ठेवणाऱ्या पोडोसाइट पेशी. या पेशींची पकड सुटली की अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन लघवीत उतरते. साधी पट्टी बुडवून केलेल्या तपासणीत ही सुरुवातीची गळती बहुधा सापडत नाही, कारण लिटरमागे १५० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन झाल्याशिवाय पट्टीचा रंग ठळक बदलत नाही. पाणी जास्त प्यायले असेल तर आणखीच उशीर. त्यासाठी लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी, म्हणजे एसीआर मागावी. ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या पुढे गंभीर. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम असेल तर आकडा उगाच वाढतो, तेव्हा चाचणी पुढे ढकलावी. एकदा वाढलेले आले म्हणून घाबरू नये. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तर निदान पक्के होते.

टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाले त्या दिवसापासून दरवर्षी हवी, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर. रक्तदाब असलेल्यांनीही करावी. सोनोग्राफीत किडनीचा आकार चांगला दिसला म्हणून निर्धास्त राहू नये; मधुमेहात तो बराच काळ तसाच राहतो, कधी मोठाही असतो.

एवढ्या लवकर शोधण्याचा फायदा काय? काही नेफ्रॉन निकामी झाले की उरलेल्यांत दाब वाढतो, ते जास्त गाळतात आणि त्या ताणाने तेही वणांनी भरत जातात. मूळ कारण आटोक्यात आले तरी हे चक्र थांबेलच असे नाही. एसीई इनहिबिटर आणि एआरबी या गटांतली रक्तदाबाची औषधे गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करून हा आतला दाब उतरवतात. एसजीएलटी-२ गटातली मधुमेहाची औषधे आत येणारी वाहिनी आवळतात. दाब उतरल्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे चढते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते, पण नेमका हाच रिपोर्ट पाहून ‘गोळीने किडनी बिघडवली’ म्हणत परस्पर औषध बंद केले जाते. तसे करू नये. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून डॉक्टरांना दाखवावे.

खरा घात करतात त्या वेदनाशामक गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधे आत येणारी वाहिनी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातले रसायन बंद पाडतात. जोडीला एआरबी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, त्यात जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल, तर दोन-तीन दिवसांत किडनी बंद पडू शकते. जुलाब लागले की यातली कोणती औषधे तात्पुरती थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावे. आणि भरपूर पाणी पिऊन किडनी ‘धुतली’ जात नाही. मुतखडा असलेल्यांना पाण्याचा फायदा होतो, पण गळकी गाळणी पाण्याने दुरुस्त होत नाही. मीठ मात्र दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणि रक्तदाब साधारण १३०/८० च्या आत ठेवल्याचा उपयोग होतो.

उशिरा कळण्याची किंमत पुढे मोजावी लागते. डायलिसिससाठी हातात फिस्चुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर यांची जोडणी) केला तर तो सुया टोचण्याजोगा व्हायला निदान सहा आठवडे, बरेचदा दोन-तीन महिने लागतात. ज्याला आजार पाचव्या टप्प्यातच कळतो, त्याच्या मानेतल्या शिरेत तातडीने कॅथेटर (नळी) घालण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि त्यातून होणारा रक्तातला संसर्ग जिवावर बेतू शकतो. म्हणून ईजीएफआर ३० च्या खाली किंवा एसीआर ३०० च्या वर गेला की किडनीतज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नये.

प्रयोगशाळांना आमची विनंती आहे की क्रिएटिनिनच्या शेजारी ईजीएफआर न मागताही छापावा. आणि आपल्या आरोग्य पानावर तपासण्यांची यादी येईल तेव्हा तीत एसीआर असावी. वाचकांनी जुने रिपोर्ट टाकून न देता तारखेनुसार लावून ठेवावेत. वयाबरोबर ईजीएफआर वर्षाला साधारण एकाने उतरतो. तो वर्षाला ५ पेक्षा जास्त घसरत असेल, तर आजचा आकडा ७० असला तरी डॉक्टरांना दाखवावा.

आपले,
मूत्रपिंडविकार विभागात काम करणारे काही डॉक्टर