पोच घेतल्याशिवाय उठू नको

माय,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी धार काढताना वाचला. "जाऊ द्या पप्पा, नको ते पैसे, लई डोकं दुखायलंय." वाचत थांबलो तर म्हशीनं लाथ मारली, अर्धा लिटर दूध सांडलं, ते तुझ्या नावावर मांडून ठेवलंय. फोन केला तर तू हो हो म्हणून ठेवून देशील म्हणून टाईप करत बसलोय, एका बोटानं, चुका दुरुस्त करून वाच.

काम गेल्यावरचा तुझा क्लेम अडकलाय खरं, पण ते पैसे कुणी दया म्हणून द्यायलं नाही. तुझा पगार साडेचौदा हजार, त्यातून पाऊण टक्का म्हणजे महिन्याला 109 रुपये ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कापायचे, आठवतं का, तू पहिली स्लिप दाखवून विचारलं होतंस हे 109 कशाचे आणि मी म्हणलो होतो दवाखान्याचे. अर्धवट सांगितलं मी. मालकानं वरून सव्वातीन टक्के भरायचे असतात आणि ह्या विम्यातच 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, काम गेलं तर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे. आधी रोजच्या सरासरी कमाईच्या पाव हिस्सा द्यायचे, कोरोनात अर्धा केला, आणि अर्ज करायला 90 दिवस थांबावं लागायचं ते 30 वर आणलं. म्हणजे विमा आहे हा, पिकाचा असतो तसा, फक्त पीक म्हणजे तुझी नोकरी.

आणि आकडा तू समजतीस तेवढा लहान नाही. मागचे चार सहामाही हिशेब धरतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे, त्यातली सगळी कमाई भागिले 730. मधे दोन महिने लाईन बंद होती म्हणून तू घरी होतीस ते वजा कर, 22 महिन्यांचे 3,19,000 झाले, भागिले 730 म्हणजे दिवसाचे 437, त्याच्या अर्धे 218, गुणिले 90. साडेएकोणीस हजाराच्या वर जातंय. तुझ्या रांजणगावच्या खोलीचं पाच महिन्यांचं भाडं. हे "जाऊ द्या" म्हणायचे पैसे आहेत का?

आता तुला एक गोष्ट सांगतो जी तुझ्या आईलापण माहीत नाही. मी ग्रामरोजगार सेवक होतो, गावातली रोजगार हमीची कामं बघायचो, ते तू लहानपणापासून बघितलं, दारात माणसं, टेबलावर हजेरीचं मस्टर, आणि मी सगळ्यांना सांगायचो "वरून आले नाहीत अजून". ज्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ना, 2016 चा, तेव्हा आपल्याकडं पाझर तलावाचं काम चालू होतं. 192 रुपये रोज. कोपऱ्यावरची आजी, जिच्या अंगणात तुम्ही पोरं जांभळं वेचायचात, ती आठवडाभर टोपलं उचलत होती, सहा दिवसांचे 1152. सगळ्यांचे पैसे पडले, तिचे नाही. दर सोमवारी यायची. पासबुक कॅरीबॅगमधी गुंडाळलेलं, त्याला वरून दोरा, ते सोडायला तिला दोन मिनिटं लागायची, मग माझ्यापुढं धरायची, बोलायची काहीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी पासबुक बघितल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, आजी, वरून आले नाहीत. ती परत दोरा बांधायची.

असं तीन महिने. मग एकदा तालुक्याला दुसऱ्याच कामासाठी बसलो होतो तर ऑपरेटर म्हणला तुमच्या गावचे रिजेक्ट किती पडलेत बघा की. बघितलं. आजीच्या नावापुढं लिहिलेलं, नो सच अकाउंट. खाते नंबरात 1 च्या जागी 7. अक्षर माझंच. यादी पहिल्या महिन्यापासून तिथंच होती, मी कधी उघडून बघितली नव्हती.

नंबर दुरुस्त केला, पंधरा-वीस दिवसात पैसे पडले. तिला सांगितलं का, तर नाही. म्हणलो, आजी, आले बरं का वरून. तिनं मला दोन कैऱ्या आणून दिल्या. कायद्यात होतं, मस्टर बंद झाल्यावर 15 दिवसांत मजुरी नाही मिळाली तर 16 व्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई, तिच्या 1152 वर दिवसाचे अठ्ठावन्न पैसे, सगळे मिळून पन्नास-साठ रुपये झाले असते. तेवढेसुद्धा मी तिला मागायला सांगितलं नाही, कारण मागितले असते तर उशीर कुणामुळं हे लिहावं लागलं असतं.

हे सगळं का सांगायलोय तर, खिडकीच्या आतला माणूस "प्रोसेसमधी आहे" म्हणतो तेव्हा दोनच गोष्टी असू शकतात, एक तर त्यानं बघितलेलं नाही, किंवा बघितलंय आणि सांगायचं नाही. वाईट माणूस असतो असं नाही, मी वाईट नव्हतो (तुझी आई इथं हसली असती). माझंपण मानधन वेळेवर यायचं नाही, मलापण कुणीतरी "वरून आलं नाही" म्हणायचं. पण तू दारात उभी राहून "कधी होईल" विचारू नको. कधी ह्याला उत्तर नसतं. विचार, "माझ्या क्लेमवर कारण काय पडलंय, मला वाचून दाखवा." कारण असतंच. कॉम्प्युटर कारणाशिवाय कुणाला थांबवत नाही.

मागच्या खेपेला तू तेच विचारलंस, म्हणून तर कळलं. तो ईएसआय ऑफिसातला माणूस चांगला निघाला म्हणायचा, स्क्रीन फिरवून दाखवली तुला. कॉन्ट्रॅक्टरनं भरलंय, काम स्वतः सोडलं. तिथंच गाडी अडलीय. स्वतः सोडलं, संप केला, शिक्षा म्हणून काढलं, रिटायर झाला, ह्यांना हे पैसे मिळत नाहीत. आता त्यानं मुद्दाम भरलं का सगळ्या पोरींचं एकदम भरताना पहिला पर्याय दाबत गेला ते देव जाणे, मला तरी दुसरंच वाटतंय, मी मस्टर भरलेत, दुपारी चारनंतर माणूस काय काय भरतो मला माहिती. पण त्याची चूक असो का लबाडी, दुरुस्त होईस्तोवर तुझ्या नावावर पडलेलं आहे की तू सोडलंस.

तर एकच प्रश्न लावून धर. मी सोडलं म्हणता, तर माझा राजीनामा दाखवा. राजीनामा हा कागद असतो ना? तारीख असते, सही असते. तू दिलाच नाहीस तर ते आणणार कुठून. आणि तुझ्याकडं सुपरवायझरचा तो ग्रुपवरचा मेसेज आहे, "खालील मुलींनी उद्यापासून येऊ नये, लाईन बंद", त्यात तुझं नाव चौथं. तो मेसेज डिलीट करू नको, ग्रुपमधून रागानं बाहेर पडू नको, त्याचा स्क्रीनशॉट असा काढ की तारीख आणि नंबर दोन्ही दिसलं पाहिजे, आणि प्रिंट मारून आण. त्या यादीतल्या बाकीच्या पोरींना फोन कर, सगळ्यांचं असंच पडलं असेल. पाच जणींचे पाच अर्ज एकाच दिवशी टेबलावर पडले की फाईल उघडावी लागते, हे मी टेबलाच्या त्या बाजूनं सांगतोय.

अर्ज मराठीत लिही, साधा. अमुक तारखेला कामाला लागले, अमुक तारखेपर्यंत केलं, अमुक तारखेला मेसेजवरून बंद केलं, मी राजीनामा दिलेला नाही, नोंद चुकीची आहे, दुरुस्त करून क्लेम परत बघावा. रडगाणं नको त्यात. आईचं औषध, भाडं, काही लिहू नको. त्यानं वाचणाऱ्याला वाईट वाटतं आणि वाईट वाटलं की माणूस फाईल खाली सरकवतो.

आणि पोच. माय, पोच घेतल्याशिवाय उठू नको. दोन प्रती ने, एकीवर शिक्का, सही, तारीख. "ठेवून जा" म्हणले तर बसून राहा. रोजगार हमीत काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता आहे, पहिले 30 दिवस मजुरीच्या पाव, पुढं निम्मा, कायद्यात छापलेलं. आपल्या गावात किती जणांनी घेतला माहितीय? मी होतो तोवर एकानंही नाही. कारण काम मागायचा नमुना 4 आम्ही घ्यायचो, आणि पोच द्यायची टाळायचो. उद्या ये, शिक्का नाही, पेन नाही. पोचवर तारीख पडली की 15 दिवस मोजायला लागतात ना. तारीख नसेल तर माणसानं काम मागितलंच नव्हतं. लोकं तोंडी मागत राहिले आणि आम्ही तोंडी हो म्हणत राहिलो. बहात्तरच्या दुष्काळात तुझी पणजी खडी फोडायला होती, सुकडी खाऊन, त्या दुष्काळातनं ही हमी निघाली, 1977 चा कायदा, पागेंची योजना म्हणून आम्हाला ट्रेनिंगमधी शिकवलेलं. मी ते पाठ म्हणायचो आणि इकडं पेन नाही सांगायचो.

अर्जानं नाही हाललं तर सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रारीच्या पोर्टलवर, तक्रार टाक, मोबाईलवरून होते, 21 दिवसांत निकाली काढायचं ठरलेलं आहे, आणि "सोडवली" म्हणून उगं बंद केली तर खाली अपील करता येतं 30 दिवसांत, बहुतेक लोकं तिथंच सोडून देतात. सोबत दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, त्यात फक्त एवढं माग की माझ्या क्लेमवर कुणी कोणत्या तारखेला काय शेरा मारला त्याची प्रत द्या. त्याला 30 दिवस. शेवटची गोष्ट विमा न्यायालय, तीन वर्षांची मुदत आहे, तेवढं लांब जाणार नाही पण मुदत आहे हे माहीत असलेलं बरं, झोप लागते.

त्या नेट कॅफेवाल्याला बाँड आणि ॲफिडेव्हिटचे पाचशे देऊ नको. ती अट नोव्हेंबर 2020 मधेच काढलीय, ऑनलाईन भरून कागद अपलोड केले की ती प्रिंट घेऊन जायचीपण गरज नाही. पाचशेची मला लई चीड आली. बेकार पोरीकडून बेकारीच्या अर्जाचे पाचशे.

मधे काम मिळालं तर धर. क्लेमची वाट बघत खोलीत बसून राहू नको, जेवढे दिवस काम नव्हतं तेवढ्याचा हिशेब राहतो. आणि काही दिवस घरी येऊन राहायचं असेल तर ये, लोकं काय म्हणतील ते मी बघतो, लोकं सध्या बिझी आहेत, सगळ्या गावाचं काही ना काही अडकलंय. आपल्याच घरात बघ, तुझा क्लेम अडकला, आईचा लाडकी बहीणचा हप्ता केवायसीला अडकला आणि माझं अतिवृष्टीचं अनुदान माझ्या अंगठ्याला अडकलं. खरंच. सेतूवर मशीनला अंगठा लागतच नाही, खुरपून खुरपून रेघाच राहिल्या नाहीत. पोरगं म्हणलं काका व्हॅसलीन लावा, लावलं, आता नुसता घसरायला लागला. पुढचा नंबर आपल्या सोयरीकवाल्या मास्तरचा, तो म्हणतो, आयुष्यभर सगळ्यांचे अंगठे घेतले आता तुमचा बसंना व्हय. मी हसलो. घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती नाही हसली.

भाड्याचं टेन्शन घेऊ नको, चार क्विंटल सोयाबीन काढलं. भाव नाहीच, पावसानं काळी पडलेली, पण ठेवून पांढरी होणार नाही. तीन हजार फोनपे केलेत, बघ. आईनं बचत गटातून घेऊ म्हणलं, मी नको म्हणलो, तिनं घेतलेच असतील, तू विचारू नको.

शनिवारी सरपंचाचं पोरगं संभाजीनगरला यायलंय गाडी घेऊन. त्याच्याकडं ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी आणि एक खाकी पाकीट दिलंय. पाकीट पिठाच्या डब्यात नाही, वेगळं आहे, त्याच्याकडून आठवणीनं माग. दिवाळीला आलीस तेव्हा कपाटात "रद्दी" म्हणून टाकून गेलेल्या तुझ्या पगाराच्या स्लिपा त्यात आहेत, एकोणीस सापडल्या, महिन्यावार लावून पंच मारून दोरा घातलाय. तीन कमी आहेत, त्या मोबाईलमधी बघ. सोमवारी गेलीस की पोचेचा फोटो पाठव, अकराच्या आत, मग मी रानात जातो, तिथं रेंज नाही.

पप्पा