क्विटलाइनवरच्या (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवरच्या) ताईंना

ताई, नमस्कार.

सिगारेट सुटली हे तुम्हाला सांगताना घसा दाटून आला आणि “बरं, ठेवतो” म्हणून मी फोन ठेवला. आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून हे पत्र. तुमचं नाव चारचौघांत लिहीत नाही. मी पुण्याजवळच्या भोसरीचा, लेथ मशीनवरचा कामगार, जेवण झालं की हमखास टपरीवर सापडणारा.

तुमच्याआधी सिगारेट सोड म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले. सोडवायला कुणी थांबलं नाही. एका डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडाला धरला, “बंद करा, नाहीतर जाल” म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आरोग्य शिबिरात सडक्या फुप्फुसाचं पोस्टर दाखवलं. अहो, तसलं चित्र आणि इशारा मिळून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर असतात, ते मी रोज खिशात घेऊन फिरत होतो! मेव्हणा म्हणे, मनावर घेतलं की सुटते. हे सांगताना तो स्वतः तळहातावर तंबाखू मळत होता. औषधाच्या दुकानात निकोटिनचं च्युइंगम मिळालं, पण खायचं कसं ते कुणी सांगितलं नाही. मी आपला चावत सुटलो आणि उचक्यांनी हैराण झालो.

१८००-११-२३५६ हा तुमच्या क्विटलाइनचा नंबर पाकिटावर छापलेला असतोच. सरकारी नंबर, कोण उचलतंय, असं वाटायचं. सुट्टी सिगारेट घेणाऱ्याला तर तो दिसतही नाही. (राज्यात सुट्ट्या सिगारेटी विकायला २०२० पासून बंदी आहे. आमच्या टपरीपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.)

शेवटी तो लावला, तेव्हा तुम्ही काय काय समजावलंत ते सगळं लिहीत बसत नाही. गम थोडं चावून गालात दाबून ठेवायचं, त्याच्या आधी चहा घ्यायचा नाही, तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. हे उपयोगी पडलंच. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच.

जेवणानंतरची सिगारेट सुटत नाही, असं मी बोलता बोलता म्हणालो होतो. सोडायचं ठरवलं त्या दिवशी नेमका जेवणाच्या सुट्टीतच तुमचा फोन आला. मला वाटलं, पहिला प्रश्न येणार, “ओढली का?” घरी, कामावर सगळे तेच विचारायचे, चोर पकडल्यासारखे. तुम्ही विचारलंत, “जेवलात का?” मग भाजी कसली होती, डबा कोण देतं. मी मेथीच्या भाजीबद्दल बोलत राहिलो आणि टपरीवर जायची वेळ टळून गेली. तुम्ही ते मुद्दाम केलंत, हे मला रात्री अंथरुणात कळलं.

तुमच्या कामाच्या कागदावर “जेवलात का” असा प्रश्न छापलेला नसणार. म्हातारीचा पाय पायरीवर पडेपर्यंत बेल न मारणारे कंडक्टर असतात, फॉर्म चुकला तरी न खेकसता दुसरा देणारे कारकून असतात. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तक्रारीचे अर्ज मात्र आपण पानंच्या पानं लिहितो.

आमच्या शेडमधल्या एका पोराला मी तुमचा नंबर दिलाय. बिडीवाला आहे, लाजतो फार. आधी गप्पच बसेल, तेवढं सांभाळून घ्या.

आणि हिने निरोप दिलाय, पुण्याकडे येणं झालं तर जेवायला घरीच यायचं. मेथी नाही करणार म्हणे, पुरणपोळी करेन.

तुमचा,
भोसरीचा लेथवाला