गच्चीवरच्या स्ट्रॉबेऱ्या गॅलरीत आणल्यात, रागावू नका

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, दोनदा विषय काढायलाही गेले, पण बाबा "रोपं कशी आहेत गं?" असं विचारतात आणि मग पुढे जीभच रेटत नाही. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा.

गच्चीवरच्या स्ट्रॉबेरीच्या कुंड्या मी काढल्या. बावीसच्या बावीस. थांबा, टाकलेलं काहीच नाहीये. जुनी रोपं कुंड्यांसकट शेजारच्या काकूंनी नेली, त्यांच्या अंगणात मस्त ऊन येतं. आणि गॅलरीत आता नऊ रोपं आहेत, तुमचीच, म्हणजे अगदी तुमचीच, ते पुढे सांगते.

बाबा, जिन्यात काय झालं ते मला तुमच्याकडून नाही, दादाकडून कळलं, तेही महिन्याने. आईवर माझा राग नाही, तुम्ही सांगू नको म्हणालात म्हणून ती गप्प बसली असणार. पण तेव्हापासून रात्री मला त्या चोवीस पायऱ्याच दिसतात. वर नळ नाही, म्हणजे हातात भरलेली बादली, म्हणजे कठडा धरायला हात मोकळा नाही. शिवाय उन्हाप्रमाणे कुंड्या सरकवायची तुमची सवय. परवा एक ओली कुंडी वजनकाट्यावर ठेवून बघितली, 17 किलो भरली. डॉक्टरांनी किती उचलायला सांगितलंय ते तुम्हाला माहितीये, मी परत लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल गॅलरीत ऊन कुठे पुरतं. मी रविवारी सकाळपासून दर तासाला फोटो काढून बघितलं, कठड्याजवळ साडेसहा तास थेट ऊन येतं. स्ट्रॉबेरीला सहा ते आठ तास लागतं हे तुम्हीच शिकवलंत. आणि खरं सांगू का, गच्चीवर दुपारी कुंड्या इतक्या तापायच्या की हात लावला तर चटका बसायचा, आत मुळांचं काय होत असेल. इथे दुपारनंतर सावली आहे, मुळं थंड राहतील.

सगळं तुमच्या सोयीने केलंय. तीन लांबट ट्रे आहेत, प्रत्येक 60 सेंमी लांब आणि 20 सेंमी खोल, कारण स्ट्रॉबेरीची मुळं काही फार खाली जात नाहीत. एका ट्रेमध्ये तीनच रोपं, जास्त कोंबली नाहीत, हवा खेळायला हवी ना. खाली भोकं पाडलीत, पाणी साचायचं नाही. स्टँड एवढ्या उंचीचा करून घेतला की बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात घालावा, वाकायलाच नको. चाकांचा नको म्हटलं, धरून उठायला गेलात आणि सरकला तर. खुर्ची हातांची आहे, पाठीला उशी बांधलीये, आणि रेडिओसाठी बोर्डही तिथेच काढून घेतलाय. झारी लहान आणली, दोन लिटरची, मोठी मुद्दाम नाही आणली.

आता रोपांचं. मागच्या वेळी पंधरा दिवस राहिले होते तेव्हा आईचे अंबाड्याचे आकडे घेतले होते, आठवतंय? सगळ्यात जुन्या रोपाला लांब लांब रनर, म्हणजे मातीवरून पसरणारे धुमारे, फुटले होते, त्यांच्या टोकाची पिल्लं मी शेजारी छोट्या कुंड्यांत टेकवली आणि वरून एकेक आकडा खोचला, तू करायचीस तसाच. बाबा म्हणाले एवढी रोपं कशाला, मी म्हटलं असू देत. खोटं नव्हतं ते, पण पूर्ण खरंही नव्हतं, तेव्हाच माझं ठरत आलं होतं, त्याबद्दल खरंच माफ करा. दीड महिन्याने आता आले तर पिल्लू हलवून बघितलं तरी जागचं हलत नव्हतं, मुळं पक्की धरलेली. मग नाळ कापली. रनरपासून झालेलं रोप म्हणजे तेच झाड असतं ना बाबा, बी लावून उगवलेलं वेगळं निघू शकतं, हे नाही. म्हणजे मी सातवीत असताना तुम्ही आणलं होतंत तेच रोप, पिल्लांची पिल्लं होत होत, आज गॅलरीत आहे. आणि जुनी तर आता चौथ्या वर्षात होती, फळ बारीक आणि कमी यायला लागलं होतं, तुम्हालाही बदलायचीच होती.

ती जहाजाची गोष्ट आठवली मला माती भरताना. लाईट गेले की तुम्ही सांगायचात, 1714 साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच माणसाने चिलीहून मोठ्या स्ट्रॉबेरीची रोपं जहाजातून नेली, महिनोन्महिने प्रवास, पिण्याच्या पाण्याची मारामार, तरी पाच रोपं जगवली. मग फ्रान्समध्ये ती नुसतीच वाढली, फळ धरेना, कारण सगळी मादी रोपं, शेवटी उत्तर अमेरिकेतल्या स्ट्रॉबेरीशी संकर झाला आणि आपण खातो ती जन्माला आली. मी दर वेळी विचारायचे, "पाणी कोणी दिलं त्यांना?" आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, "स्वतःच्या वाटचं दिलं असेल." बाबा, ती समुद्र ओलांडून जगली, आपली एक जिना उतरून नक्की जगतील.

आता ऐका, आणि हे दोघांनीही ऐकायचंय. पाणी सकाळीच घालायचं, बोट एक पेर मातीत घालून कोरडं लागलं तरच, आणि कडेने. मधल्या गड्ड्यावर, जिथून पानं फुटतात तिथे, पाणी किंवा माती नको, तो पुरला गेला की कुजतो. बाबा, खत मी सांगेन तेव्हाच, नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. फुलं यायला लागली की पोटॅश जास्त असलेलं पातळ खत दोन आठवड्यांतून एकदा, बस. फळाखाली वाळलं गवत पसरलंय ते काढू नका, ओल्या मातीला टेकलं की राखाडी बुरशी धरते. आणि अर्धवट लाल तोडायची नाहीत, तोडल्यावर रंग चढेल पण गोडी वाढत नाही. आई, हे तुझ्यासाठी नाहीये, ज्यांना थांबवत नाही त्यांच्यासाठी आहे. शुगरची काळजी करू नका, शंभर ग्रॅममध्ये पाचेक ग्रॅमच साखर असते, फक्त वरून साखर घालायची नाही, अजिबात नाही.

गच्चीची किल्ली काकूंकडे दिलीये. तुमच्यावर विश्वास नाही असं नका समजू. वर जावंसं वाटलं तर मला फोन करा, मी आले की आपण तिघं जाऊ, संध्याकाळी, रिकाम्या हाताने.

आजीची निळी बादली मात्र दिली नाही कुणालाही. तळाला गंजलेली, तरी कोपऱ्यात ठेवलीये आणि तिच्यात दहावं रोप लावलंय.

शनिवारी न्यायला येते. गुडघ्याचा पट्टा दादाकडे विसरू नका.

आणि आई, नव्या रोपांना आलेली पहिली फुलं मी खुडलीत, वाईट वाटून घेऊ नकोस, आधी मुळं धरू देत. फक्त निळ्या बादलीतलं एक फूल माझ्याने खुडवलं नाही. गॅलरीत मधमाश्या फारशा येत नाहीत, त्यामुळे ते काम तुझं. मधल्या पिवळ्या गोंड्यावर ब्रश सगळीकडून गोल फिरवायचा, एक बाजू राहिली की फळ तिकडून खुरटतं, तू मला स्टुलावर उभं करून दाखवायचीस तसं. तुझा तोच ब्रश धुऊन खिळ्याला अडकवलाय.

तुमची
मनी