हयातीचा दाखला

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ डिसेंबर

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला लेख वाचला. नेटमुळे माणसं एकटी पडतात, असा. खाली "आई, जरा वाच" हे तू व्हॉट्सॲपवरच लिहिलंस, त्याचं हसू आलं. त्यात अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ७३ घरांची पाहणी आहे, १९९८ साली छापलेली. नेट आलं, घरातलं बोलणं घटलं, एकटेपणा वाढला. पण लेखाच्या शेवटी आणखी काही आहे, तू तिथवर गेला नसशील. त्याच संशोधकांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं, तर वाईट परिणाम बरेचसे ओसरले होते. २००२ साली त्यांनीच तसं छापलं. आणि नव्याने संगणक घेतलेल्यांत दिसलं ते असं की बोलक्या, गोतावळ्यातल्या माणसाला नेट धार्जिणं, बुजऱ्याला उलटं. म्हणजे ज्याच्या दारात आधीच चार चपला, त्याच्याच फोनवर चार फोन. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजला, बाहेरगावचे फोन जोडण्यात, इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे नवीन नाही. लाइन आम्ही जोडून द्यायचो, तीन मिनिटं झाली की सांगायचो. बोलायला पलीकडे माणूस लागायचं ते ज्याचं त्याचं.

आता मूळ मुद्दा. दिवाळीत तू आलास आणि माझा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला सोफ्यावर बसल्या बसल्या काढलास. मी फोनकडे बघून डोळे मिचकावले, झालं. पाच मिनिटं. गेल्या खेपेला भाकऱ्या थापून झिजलेला अंगठा मशीन घेईना म्हणून तीनदा हात धुऊन आले होते, तेव्हा सोय मोठी आहे, नाही कोण म्हणतंय? पण नोव्हेंबरात बँकेत जायचं म्हणजे आमची एक्स्चेंजची सगळी टोळी भेटायची रे. रांगेत दीड तास मॅनेजरला नावं ठेवायची, मग खासबागेत भेळ. यंदा सगळ्यांच्याच पोरांनी घरी दाखले काढले. कुणीच कुणाला दिसलं नाही.

आणि २० तारखेला ग्रुपवर आलं, कुसुम गेली. मी हात जोडलेलं चित्र टाकलं. खाली बघते तर एकतीस जणींचे हात जोडलेले, एकीखाली एक. तिचं घर राजारामपुरीत, इथनं रिक्षाने पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासताना ध्यानात आलं, मी गेलेच नाही. गेल्यासारखं वाटलं होतं. संध्याकाळी गेले, तर तिची सून म्हणाली, "एक्स्चेंजमधल्या तुम्ही पहिल्याच." मान वर करवेना.

परवा मीच ग्रुपवर लिहिलं, गुरुवारी चार वाजता रंकाळा टॉवरपाशी या, न येणारीने फुलांचे फोटो पाठवू नयेत. बत्तीस जणींत आलो तिघी. एकीला वाटलं मला काहीतरी झालंय, म्हणून धावत आली, ती घाम पुसत कठड्यावर बसली आणि आधी मला शिव्या घातल्या. सुमनचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. तिला व्हिडिओ कॉल लावून तळं दाखवलं. ती म्हणाली, "तुझं बोट मधे येतंय, बाजूला घे की." तासभर होती. तिला फोन नसता तर ती त्या दिवशी कुणाशी बोलली असती, सांग बघू.

तेव्हा दूध, भाजी, औषध ॲपवरून मागवून देतो म्हणतोस, ते नको. औषध एक मागव, पावसाळ्यात. गंगावेशीत कट्ट्यावर दूध आणायला जाते तेव्हा तिथला गवळी "काकू, काल न्हाई आला?" असं विचारतो. आणि पुढच्या नोव्हेंबरात माझ्या तोंडापुढे फोन धरू नकोस, मी बँकेत जाणार.

सुमनच्या फोनची काच पार गेलीय, माणूस अर्धाच दिसतो. तुझा जुना पडून असेल तर येताना आण. चार्जर विसरू नकोस.

तुझी,
आई