वेचणीच्या हंगामातली परीक्षा

संपादक महोदय,

दहावीचा निकाल लागला की खेड्यातली पोरं मागे पडल्याचं खापर मास्तरांवर, नाहीतर पोरांच्या डोक्यावर फुटतं. दिवाळीनंतर आमच्या घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत डोकावून बघा. कापूस वेचणीची मजुरी किलोवर, जितके हात तितकी कमाई. म्हणून मजुराची आठवीतली पोरगी कमरेला ओटी बांधून आईसोबत वावरात असते, नाहीतर धाकट्याला सांभाळत घरी. बऱ्या घरची मुलं तेव्हा यवतमाळला खोली करून शिकवणीला जातात. (तीही अनेकदा कर्ज काढूनच, हा भाग वेगळा.)

गंमत म्हणजे घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्यांसाठीची आठवीची एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा डिसेंबरात, ऐन वेचणीत येते. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पण सराव करायचा कधी? आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून तहसीलला खेटे घालायचे कोणी?

शिक्षण विभागाने कापूसपट्ट्यात या परीक्षेचे वर्ग संध्याकाळी गावातच भरवावेत, शिक्षकांना त्याचा वेगळा मोबदला द्यावा आणि दाखल्यांचं शिबिर पेरणीआधी शाळेतच घ्यावं.

– एक पालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ