कॅम्पर आधी काट्यावर चढवा

महोदय,

पिकअपच्या हौद्यात मुक्कामाची पेटी, म्हणजेच कॅम्पर, बसवून चोरल, जानापाव, जाम दरवाजा या बाजूच्या कच्च्या वाटांना लागणारी कुटुंबे आता इंदुरातही आहेत, आणि गेली चार वर्षे मीही त्यांतलाच एक आहे. या वाटा फार अवघड नाहीत. पण रिकामी पिकअप जिथून सहज जाते तिथून ती कॅम्परसह जाईलच असे नाही, हे नव्याने निघणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

गेल्या ऑक्टोबरात चोरलच्या पुढे बैलगाड्यांच्या चाकोरीत आमचे मागचे डावे चाक उतरले आणि पेटीचा वरचा कोपरा सागाच्या फांदीला जाऊन टेकला. वाट वरून वाळलेली होती, पण काळी माती आतून ओलीच होती. ती टायरच्या नक्षीत भरली की टायर गुळगुळीत होतो. उतरून पाहिले, तर पेटी आवळून धरणारा मागचा टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण देण्याचा आटा, दोन बोटे सैल झाला होता आणि डाव्या अंगाच्या टाकीत ८० लिटर, म्हणजे ८० किलो, पाणी होते. टाकी तिथेच रिकामी केली, तेव्हा कुठे गाडी सावरली.

वजन उंचावर गेले की आडवा उतार सरळ चढापेक्षा घातक ठरतो. म्हणून निघण्यापूर्वी पाणी, गॅस, सामान आणि माणसे यांसह गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे वाहने तोलणाऱ्या वजनकाट्यावर, चढवावी आणि नंतर केवळ मागची चाके काट्यावर ठेवून त्यांच्यावरचा भार वेगळा मोजावा. कारण एकूण वजन उत्पादकाने घातलेल्या मर्यादेत असूनही मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि टायर यांवर जास्तीचा भार पडलेला असू शकतो. या थोड्या वेळाच्या कामाचा मी तीन वर्षे कंटाळा केला, याची मला खंत आहे. खडकाळ वाटेवर टायरची हवा थोडी कमी करणे योग्यच, पण हलक्या जीपांचे पाहून ती १८-२० पौंडांवर आणली, तर एवढ्या ओझ्याखाली टायरची बाजू दगडावर चिरडते. ओढ्यातून वर येताना पेटीचा मागे बाहेर आलेला भाग जमिनीला घासतो. तिथे एकाने उतरून आधी वाट पाहून यावी.

आपल्या पुरवणीत अशा सहलींची वर्णने छापताना भरलेल्या गाडीचे वजन, पेटीसह उंची आणि प्रवासाचा महिना एवढे तपशील लेखकाकडून आवर्जून मागवावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर